पैजेचे चौथे कलम

मुश्ताक,

तुझ्या नावाआधी काय लिहावे, हे मला आठ दिवसांत ठरवता आलेले नाही. तेवीस वर्षे मी ओमानमधल्या या बरक्यात टायपिंगच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज लिहितो आहे. कोणाला श्री. लावायचे, कोणाला जनाब, कोणापुढे महोदय म्हणून वाकायचे, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. गेल्या गुरुवारी तुझ्यासंबंधी मी चार अर्ज केले. पोलिसांना, हॉस्पिटलला, वकिलातीला आणि तुझ्या कंपनीला. चारही ठिकाणी ‘मयत इसम’ असे लिहिले, कारण तशी रीत आहे. हा पाचवा कागद. इथे ती रीत चालणार नाही आणि ‘मरहूम’ लिहायला माझा हात अजून तयार नाही. सबब, नुसते मुश्ताक.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी तुझा जन्म, गाव, नोकरी अशी माहिती मागितली होती. मी सांगितले, ती तुमची तुम्ही मिळवा. मला जे लिहायचे आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही आणि ते मी लिहिले नाही तर कायमचे राहील. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. तरीही मांडणीत माझा हात कोणी धरू शकत नाही, हे तूही मान्य करत होतास. हसत का होईना.

ज्या गोष्टीवरून आपली मैत्री झाली, ती या वाळवंटात दोन कोकणी माणसांना जोडील असे कोणालाही वाटणार नाही. बेसबॉल. तू पाण्याच्या प्रकल्पावरच्या एका जपानी इंजिनियरचा ड्रायव्हर होतास. सहा वर्षे तू त्याला बरका ते अल हैल नेलेस-आणलेस आणि त्या रस्त्यावर त्याने तुला तो खेळ शिकवला. मायदेशी परतताना त्याने तुझ्या फोनमध्ये जपानी सामने दिसतील अशी व्यवस्था करून दिली. तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा एक. एक ते चार इथली दुकाने बंद. मी टायपिंगच्या दुकानाचे शटर अर्धे ओढायचो, तू खाली वाकून आत यायचास, फोन स्टेपलरला टेकवून उभा करायचास आणि म्हणायचास, “यल्ला वकील, कोर्ट चालू कर.”

मी वकील नाही हे तुला ठाऊक होते. म्हणूनच तू म्हणायचास.

मला आरंभी त्या खेळात काही समजेना. मी विचारले होते, कोणता संघ चांगला ते सांग, मी त्याच्या बाजूने बसतो. त्यावर तू कपाळाला हात लावलास.

“टीम बघून काय करतोस? बॅटिंगवाले रोज तेच. फेकणारा रोज नवा. आज जो पयला फेकील, तो परत पाच-सहा दिवस उतरत नाय. चांगला फेकणारा असला तर रद्दड टीम पण जिंकते. म्हणून सामना बघायचा नाय. आज यांचा कोण आणि त्यांचा कोण, तेवढं बघायचं.”

“आणि ते कधी कळणार?”

“आदल्या दिवशी नावं सांगतात. जपानी लोक हायत, लपवाछपवी नाय. तुझ्या पार्टीसारखे नायत, अर्ज टाईप करून झाल्यावर बोलतात की साहेब, नाव चुकला.”

ही गोष्ट मला पटली. सामना सुरू होण्याआधी ज्याचा अर्धा निकाल कागदावर असतो, तो खेळ माझ्या स्वभावाला धरून होता. मी एक वही केली. प्रत्येक फेकणाऱ्याने किती धावा दिल्या, किती दिवस विसावा घेतला, कोणत्या संघापुढे तो ढिला पडतो, असे सगळे त्यात लिहू लागलो. जपानी नावे आपल्या तोंडात बसेनात, म्हणून आपणच नावे ठेवली. चष्मेवाला, डावरा, गालफुग्या. तू माझ्या वहीकडे कधी वळूनही पाहिले नाहीस. तू फेकणाऱ्याचा हात पाहायचास. सामन्याआधी तो मैदानाच्या कडेला सरावाचे चेंडू टाकतो, तेव्हा तू फोन नाकाला लावून बसायचास.

“आकड्यांत दिसत नाही असं हातात काय दिसतं तुला?” मी एकदा चिडून विचारले.

“तू अक्षरावरनं माणूस वळखतोस ना?”

“ओळखतो. तो माझा व्यवसाय आहे.”

“मंग स्टिअरिंगवरचा हात बघून मी वळखतो. ज्याला भीती हाय तो घट्ट धरतो.”

हा वाद आपण संपवला नाही. माझी वही सरस की तुझी नजर, हे ठरायचे राहिले. मी अजूनही वहीच्या बाजूने आहे, असे इथे नमूद करतो. मात्र एका सामन्याबाबत ते मला म्हणता येत नाही आणि त्याच सामन्यासाठी हा कागद आहे.

पैज पैशाची नसायची. तुझ्या दीनात हराम आणि इथल्या कायद्यात गुन्हा. तू म्हणालास, “पोलिसांनी धरला तर माझ्या सुटकेचा अर्ज तूच लिवशील. त्यापेक्षा जेल बरी.” म्हणून ठरले की, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा एक शब्द पाळायचा. एकच, पण पाळायचाच. बाहेरून पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटला असता. तसा तो नव्हता. मी गालफुग्यावर हरलो तेव्हा तू माझ्या काचेवरची ‘कायदे सल्लागार’ ही अक्षरे मला ब्लेडने खरवडून काढायला लावलीस. मला तीन रात्री झोप लागली नाही. पुढे त्याच महिन्यात शेजारच्या दुकानदाराला तसल्याच पाटीसाठी दंड झाला आणि माझ्या दुकानासमोरून तपासनीस नुसते निघून गेले. मी तुझे आभार मानायचे ठरवले होते. मानले नाहीत. तू डावऱ्यावर हरलास तेव्हा मी तुला तुझ्या थोरल्या भावाला फोन करायला लावला. आंब्याच्या कलमांवरून तुम्ही चार वर्षे बोलत नव्हता. तू बाहेर उन्हात उभा राहून अर्धा तास बोललास आणि आत येऊन म्हणालास, “बाहेर धूळ लय हाय, डोळ्यांत जाते.” त्या दिवशी हवा पडलेली होती, मुश्ताक. एक पान हलत नव्हते.

जे समोरासमोर सांगता येत नव्हते, ते आपण त्या फेकणाऱ्यांच्या आडून एकमेकांना सांगत होतो. हे मला आता कळते.

चौथे कलम कसे आले तेही लिहिले पाहिजे. गेल्या वर्षी एकदा आपण आदल्या दिवशीच्या नावांवर पैज लावली आणि प्रत्यक्षात तुझ्या बाजूचा फेकणारा उतरलाच नाही. त्याच्या जागी दुसराच आला आणि हरला. मी म्हणालो, तू हरलास. तू म्हणालास, मी ज्याच्यावर लावली तो आलाच कुठे? तीन दिवस आपण बोललो नाही. चौथ्या दिवशी मी रीतसर कागद टाईप केला, त्यात चार कलमे घातली आणि खाली तुझी आणि माझी सही घेतली. चौथे कलम असे: “आदल्या दिवशी जाहीर झालेल्या दोन्ही गोलंदाजांनीच आपापल्या संघाचा पहिला चेंडू टाकला पाहिजे. दोहोंपैकी एक जरी बदलला तरी पैज रद्द समजावी. याबाबत कोणतीही तक्रार चालणार नाही.” मला त्या वाक्यांचा अभिमान होता. तू ती मोठ्याने वाचलीस आणि म्हणालास, “वा! सुलतानाच्या दरबारात वाचावी अशी लिवलीस.” मी ते थट्टेने घेतले नाही.

आता गेल्या आठवड्यातला सोमवार.

तू अकरा वाजता आलास. ती तुझी वेळ नव्हती. दुकानात दोन बंगाली गिऱ्हाइके बसली होती. तू काउंटरला टेकलास आणि डाव्या हाताची मूठ उघडझाप करू लागलास. चेहरा ओलसर, ओठ पांढरट. मी विचारले तर म्हणालास, टायर बदलला, दम लागला. मग पाणी पिऊन हळूच म्हणालास की, असे तीनदा झाले. खांद्यापासून कोपरापर्यंत मुंग्या येतात आणि छातीवर कोणी गुडघा टेकवल्यासारखे वाटते.

“आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चल,” मी म्हणालो.

“हां. जातो आणि सांगतो, माझं हार्ट बघा. मंग कागदावर चढंल. पुढच्या महिन्यात कंपनीचं मेडिकल हाय, करार नवा व्हायचाय. तिथे नुसतं रक्त आणि एक्स-रे काढतात. तेवढ्यात मी पास हाय. हार्टचा कागद गेला तर अनफिट, खलास, घरी. पोरीचं शेवटचं वर्ष हाय फार्मसीचं.”

“मग खासगी दवाखान्यात जाऊ. कंपनीला कोण सांगायला बसलंय?”

“बरक्यात? इथे मी शिंकलो तर पार तिकडे सरहद्दीवर, शिनासला दुवा देतात.”

भाषा न कळताही तुझ्या हावभावावर गिऱ्हाइके हसली. तूही हसलास. मी हसलो नाही. मी तुला बरेच काही बोललो. ते सगळे योग्य होते आणि सगळे व्याख्यानासारखे होते. तू ऐकून घेतलेस आणि मग तूच म्हणालास, “उद्याचं नाव आलं काय रे?”

तेव्हा ती पैज ठरली. मी जिंकलो तर त्याच संध्याकाळी तू माझ्याबरोबर हॉस्पिटलला येणार. तू जिंकलास तर करार होईपर्यंत मी या विषयावर तोंड उघडणार नाही. फेकणारा निवडायचा मान तू मला दिलास. “तू उचल,” म्हणालास. “जो नको तो मना दे.”

मंगळवारी सकाळी मी एकही अर्ज टाईप केला नाही. लोक बसून होते, मी वही घेऊन बसलो होतो. इतक्या काळजीने मी माझ्या मुलीच्या लग्नाची यादीही केली नव्हती. एका बाजूला चष्मेवाला, सहा दिवसांचा पुरा विसावा घेतलेला, मागच्या चार सामन्यांत मिळून तीन धावा दिलेला. दुसऱ्या बाजूला डावरा, जो त्या संघापुढे नेहमी पाचव्या पाळीत ढेपाळतो. पारडे इतके एका बाजूला होते की मला मनात हसू आले. मी चष्मेवाल्यावर बोट ठेवले. संध्याकाळी घालायचा शर्टदेखील मी दुकानात आणून ठेवला होता.

एक वाजता तू शटरखालून आलास. वाकताना तू भिंतीला हात लावलास. ते मी पाहिले.

फोनवर चित्र आले आणि चष्मेवाला कुठेच दिसेना. त्याच्या जागी एक कोवळा मुलगा सरावाचे चेंडू टाकत होता. मिशीची लव फुटलेली, टोपी कानांपर्यंत ओढलेली. जपानी निवेदक भराभर काही सांगत होता. तुला त्यातले ‘खांदा’ एवढे समजले. चष्मेवाल्याचा खांदा दुखावला असावा. मी वही उघडली. त्या मुलाच्या नावावर एकही ओळ नव्हती. कारण हा त्याचा पहिलाच सामना.

हा मुलगा हरला तर मला महिनाभर तुझ्याकडे नुसते बघत बसावे लागणार होते. मी ड्रॉवरमधून आपला कागद काढला.

“चौथे कलम,” मी म्हणालो. “पैज रद्द.”

तू कागदाकडे पाहिलेच नाहीस. तू फोनकडे पाहत होतास. तो मुलगा दोरी सोडावी तसा हात सोडत होता, चेंडू पकडणाऱ्याच्या हातमोज्यातून टाळी वाजावी तसा आवाज येत होता.

“कशाला रद्द?” तू म्हणालास. “राहू दे ना. खेळू या.”

“जाहीर झालेला गोलंदाज उतरलेला नाही.”

“अरे, मी कुठे तक्रार करतोय? माझा डावरा हाय तसाच हाय. तुझी बाजू बदललीय. तुला चालत असंल तर मना चालतंय. हात बघ त्याचा. मोकळा हाय.”

“तुला फायदा आहे म्हणून तू म्हणतोस.”

“फायदा!” तू माझ्याकडे वळलास. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होते ते मी आठ दिवस रोज आठवून पाहतो आहे. “बरं, एक सांग. सही कोणाची हाय त्याच्यावर? दोघांची ना? मंग दोघांनी मिळून फाडला तर?”

“करार असा फाडता येत नाही,” मी म्हणालो.

हे माझे शब्द. यात एका अक्षराचा फरक नाही.

तू परत फोनकडे वळलास. आपण सामना पाहिला, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते. पहिल्या पाळीत त्या मुलाने तिघांना उभ्या उभ्या परत पाठवले. मी म्हणालो, नवा आहे, थकेल. तिसऱ्या पाळीत दोन गडी पळून पुढे सरकले, आता फुटेल असे वाटले, फुटला नाही. पाचव्यात तुझा डावरा माझ्या वहीत लिहिल्याप्रमाणे ढेपाळला आणि चार धावा गेल्या. रद्द झालेल्या पैजेवर मी मनातून जिंकत होतो, आणि मला एकदाही सुचले नाही की तोंड उघडून म्हणावे, मुश्ताक, मी कलम मागे घेतो. प्रत्येक पाळीनंतर ते म्हणणे अधिक अवघड होत गेले. आधी रद्द म्हणायचे आणि जिंकतोसे दिसल्यावर मागे घ्यायचे, हे लबाडीचे दिसले असते. मी लबाड दिसू नये याची मला काळजी होती. तू दर थोड्या वेळाने डावा हात झाडत होतास.

सातव्या पाळीपर्यंत त्या मुलाने एकही धाव दिली नाही. त्याला विसावा देऊन आत नेले तेव्हा सारे मैदान उभे राहिले होते.

चार वाजायच्या सुमारास सामना संपला. तू फोन खिशात घातलास. “बघ वकील,” तू म्हणालास, “खेळला असतास तर आता मी शर्ट बदलून रांगेत उभा असतो.”

“पुढच्या मंगळवारी चष्मेवाला परत असेल,” मी म्हणालो. “तेव्हा रीतसर लावू.”

“इन्शाल्ला,” म्हणालास आणि शटर वर ढकलून गेलास. उजव्या हाताने ढकललेस.

गुरुवारी पहाटे नमाजासाठी तुला उठवायला गेलेल्या, तुझ्याच खोलीत राहणाऱ्या माणसाने मला फोन केला. तो म्हणाला, भाई उठत नाहीत. त्याने तो शब्द उच्चारला नाही आणि मीही विचारला नाही. सात वाजता मी पहिला अर्ज टाईप करत होतो.

मी त्या दुपारी इतके व्यवस्थित काम केले की, तुझ्या कंपनीच्या माणसाने माझी पाठ थोपटली. एकाही कागदात खाडाखोड नव्हती. घरच्यांची इथेच दफन करायला हरकत नाही, असे संमतिपत्र हवे होते. त्याचा मसुदा मी केला आणि तुझ्या घरी फोन लावला. मसुदा वाचून दाखवणे माझे काम होते. वहिनीने सगळा ऐकला, मधे एकदाही थांबवले नाही. सही करते म्हणाली. मग म्हणाली, “भाऊ, एक इचारू?”

“विचारा, वहिनी.”

“मंगळवारी मना फोन आलेला यांचा. बोलले, वकील जिंकला, आता त्याचा आयकायला लागंल. डॉक्टरकडे जायला लागंल बोलले. हसत होते. तर ते जाऊन आले ना?”

मुश्ताक, तू तिला सांगितलेस की मी जिंकलो. तिचे समाधान व्हावे म्हणून सांगितलेस की खरोखरच जायचे मनात धरले होतेस, हे मला आता कधीही कळणार नाही. एवढे मात्र कळले की, त्या मुलाचा हात तू चेंडू सुटण्याआधीच ओळखला होतास. तो जिंकणार हे तुला ठाऊक होते. आणि तरीही तू म्हणत होतास, खेळू या. मी फायद्याची गोष्ट काढली तेव्हा तू माझ्याकडे तसे का पाहिलेस, ते मला फोन हातात धरून उभे असताना समजले. हरण्यासाठी तू माझी मदत मागत होतास.

“जाऊन आले” असे दोन शब्द मी म्हणू शकलो असतो. डॉक्टरांनी प्रयत्न केले, असा मसुदा मी एका दमात तयार केला असता. तो तिला आयुष्यभर पुरला असता आणि मलाही.

“नाही वहिनी,” मी म्हणालो. “तो गेला नाही. मी जिंकलो नव्हतो. ती पैज मी रद्द केली होती.”

पलीकडे कोणीतरी दार लावले. मग तिने विचारले, “म्हणजे दुखतंय ते तुमाला ठाव होतं?”

“होतं.”

“मंग पैज कशाला लागत होती, भाऊ?” तिचा आवाज चढला नाही. तिला खरेच समजत नव्हते. “हाताला धरून न्यायचा होता.”

माझ्या दुकानापासून हॉस्पिटल गाडीने सात मिनिटांवर आहे, मुश्ताक. त्या मंगळवारी तीन तास तुझी गाडी माझ्या दाराशी उभी होती. हे मी तिला सांगितले नाही. तुला सांगतो आहे.